शिडाच्या घरात आठ दिवस

'यॉट' म्हटले की आपल्या गोंयकारांच्या डोळ्यांपुढे काय येते ते मला ठाऊक आहे. पांढरीशुभ्र बोट, वर गाणीबजावणी, हातात ग्लास घेतलेली माणसे आणि मागे मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे. त्यामुळे २०२५ च्या एप्रिलात मी सेशेल्स बेटांवर जाऊन आठ दिवस मित्राच्या यॉटवर राहून आलो हे कळल्यावर कचेरीत दोन दिवस माझ्याकडे सगळे संशयाने पाहत होते. कारकुनाला यॉटवाले मित्र कुठून मिळाले, हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, पण चहाच्या वेळी तो टेबलावर होताच.

तर आधी माप सांगून टाकतो. मित्राची होडी लांबीला ३८ फूट आणि जास्तीत जास्त रुंदीला १२ फूट. आमच्या खात्याची रेकॉर्डरूम याहून मोठी आहे. एवढ्या जागेत स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन झोपण्याच्या जागा, नकाशांचे टेबल, इंजिन, आणि दोन माणसांचा अख्खा संसार. होडी तीसेक वर्षांची जुनी. थायलंडमध्ये फुकेतला एका म्हाताऱ्या डच जोडप्याकडून त्याने ती २०२२ साली घेतली, तीही जहाजावर अठरा वर्षे घाम गाळून साठवलेल्या पैशांतून. श्रीमंती म्हणावी अशी तिथे एकच गोष्ट होती, सकाळची हवा.

हा मित्र माझा फोंड्याच्या शाळेतला सोबती. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. आम्ही त्याला 'कप्तान' म्हणतो. प्रत्यक्षात तो जहाजावर इंजिनात होता, कप्तान कधीच नव्हता, पण शाळेतली नावे वस्तुस्थिती पाहून पडत नाहीत. आपल्याकडे तारवटी म्हटला की तो सासष्टीचा किंवा बार्देशचा ख्रिस्ती, मुंबईच्या कुडीत राहून जहाजाची वाट बघणारा, असे चित्र. हिंदू घरातला मुलगा, तोही अंत्रूजमधला, जहाजावर जातो म्हटल्यावर त्याच्या आजीने दोन दिवस अन्न घेतले नव्हते. सिंधुबंदी शास्त्रात होती की नव्हती यावर पंडित वाद घालोत, आमच्या गावात ती आजीच्या रूपाने जिवंत होती. पहिल्या खेपेहून तो परतला तेव्हा तिने त्याला आधी विहिरीवर नेऊन डोक्यावरून दोन घागरी ओतायला लावल्या आणि मगच उंबरठा ओलांडू दिला. नंतर त्याने आणलेले चॉकलेट मात्र तिने खाल्ले.

शिडाच्या होडीचे वेड त्याला दिवाडीवर लागले. नौदलाची 'म्हादई' तिथल्या कारखान्यात बांधली गेली आणि २००९ साली नौदलात दाखल झाली. रजेवर आला की कप्तान फेरीबोटीने दिवाडीला जाऊन तिचा लाकडी सांगाडा आणि वरचे फायबर बघत उभा राहायचा. त्याच होडीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये 'तारिणी'तून सहा महिला अधिकारी गेल्या, त्या तर गोव्यातूनच निघाल्या आणि गोव्यातच परतल्या. 'तारिणी'ही दिवाडीचीच लेक. आपल्या एका लहानशा बेटावर, जिथे आपण बोंदेरा बघायला जातो, जगाला वळसा घालणाऱ्या होड्या तयार झाल्या, याचे आपल्याला पुरेसे कौतुक नाही असे मला नेहमी वाटते. कप्तानाला ते होते. कौतुकापायी माणूस काय करील सांगता येत नाही.

मला रजा मिळाली, परदेशी जाण्यासाठी खात्याचा ना हरकत दाखलाही मिळाला (त्या फाईलीचा प्रवास माझ्या प्रवासापेक्षा लांबला). सौ. आली नाही. तिला बेतीच्या फेरीबोटीतसुद्धा मळमळते. कोकणकन्येने मुंबई, आणि तिथून विमानाने चार-साडेचार तासांत माहे. घड्याळ दीड तास मागे केले की झाले. विषुववृत्ताच्या थोडे खाली, चार-पाच अंश दक्षिणेला ११५ बेटांचा हा देश. लोकसंख्या लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या एका तालुक्याएवढी. आधी फ्रेंच, १८१४ पासून इंग्रज, आणि १९७६ साली स्वतंत्र.

विमानतळावर वहिनी आल्या होत्या. उन्हाने काळवंडलेल्या, केस आखूड कापलेले, पायात रबरी सपाता. मी क्षणभर ओळखलेच नाही. "पावलो रे?" असे मागून कप्तान ओरडला तेव्हा खात्री पटली. आम्ही बोलतो कोंकणीत आणि लिहितो मराठीत. आपल्या पिढीच्या बऱ्याच लोकांचे असेच आहे, म्हणून इथली संभाषणे मराठीत लिहिली तरी वाचकांनी ती कोंकणीत ऐकावीत.

होडीवर पाहुण्याला पहिला तास नियम शिकण्यात जातो. चप्पल बाहेर, हे आपल्याला नवे नाही. एक हात स्वतःसाठी आणि एक होडीसाठी, म्हणजे चालताना एका हाताने काहीतरी धरलेले असलेच पाहिजे. संडासचा पंप किती वेळा दाबायचा आणि कोणती कळ कोणत्या दिशेला ठेवायची याचे वहिनींनी प्रात्यक्षिक दिले, तेव्हा मला लाज वाटली, त्यांना नाही. पाणी टाकीत तीनशे लिटर. आंघोळ समुद्रात उडी मारून, आणि शेवटी गोड्या पाण्याचे दोन तांबे. वीज उन्हाची, त्यामुळे ढगाळ दिवशी फ्रीज बंद. लहानपणी विहिरीतून पाणी ओढणाऱ्याला यात कठीण काही नाही. कठीण आहे ते गप्प बसणे. घरात भांडण झाले की माणूस बाजारात जाऊन येतो. होडीवर फार तर पुढच्या टोकाला जाऊन बसतो, म्हणजे वीस फुटांवर.

विक्टोरिया ही राजधानी. आपल्या म्हापशाच्या बाजारात फिरल्यासारखे वाटते, फक्त सगळे थोडे धुऊन ठेवलेले. चौकात चांदीच्या रंगाचे छोटे घड्याळ, बाजारात तांबोशी, बांगडे, मोरी, दालचिनीच्या काड्या आणि चक्क बिंबलां! तिथे मोरीच्या मासाची चटणी करतात आणि तिला आंबटपणा बिंबलांचा. आपल्या मोरीच्या आंबटतिखाची ही दूरची मावसबहीण. नीरफणस तर सगळीकडे. नीरफणस खाल्लेला माणूस सेशेल्सला पुन्हा येतो अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. वहिनींनी रवा लावून त्याच्या कापा केल्या, मी सहा खाल्ल्या, बघू. बाजाराजवळ विनायकाचे देऊळ आहे, तमिळ मंडळींनी १९९२ साली बांधलेले, रंगीत गोपुराचे. वहिनी दर मंगळवारी तिथे जातात. मी म्हटले, "कप्तान येतो का?" त्या म्हणाल्या, "बाहेर थांबतो आणि चप्पल सांभाळतो."

भाषेचे मला विशेष वाटले. लोक बोलतात ती क्रेओल, फ्रेंचमधून निघालेली. तिला कोणी एके काळी भाषा म्हणत नव्हते, बिघडलेली फ्रेंच म्हणत. आज ती इंग्रजी आणि फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा आहे आणि शाळेत लहान मुले तिच्यातून शिकतात. आपल्याकडच्या भाषावादाची धग ज्यांनी सोसली आहे त्यांना यावर वेगळे सांगायला नको. मी मराठीचा माणूस, पण बोलीला 'बिघडलेली' म्हटलेले ऐकून दुखते कुठे ते मलाही कळते.

तिसऱ्या दिवशी नांगर उचलून आम्ही प्रालँ बेटाकडे निघालो. अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर. एप्रिल हा वाऱ्यांच्या बदलाचा महिना. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येकडून, मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून, आणि मधल्या काळात तो कोणाचाच नसतो. दोन तास शीड फुगले, मग लोंबकळले, आणि उरलेली वाट इंजिनावर. शिडाखाली होडी चालते तेव्हा आवाज फक्त पाण्याचा येतो. मी वाकून बघत होतो. उडणारे मासे चिमण्यांसारखे थव्याने निघत होते. कप्तानाला भीतीबद्दल विचारले. तो म्हणाला, वादळाची इथे फार नाही, चक्रीवादळांचा पट्टा बहुतेक दक्षिणेकडून जातो. चाच्यांची होती. २००९ साली इथून निघालेल्या एका ब्रिटिश जोडप्याला सोमाली चाच्यांनी होडीवरून पळवले आणि वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवले होते. "मग तुला भीती कसली?" तर त्याने वर डोलकाठीकडे बोट केले. डोलकाठीला उभी धरणाऱ्या पोलादी तारा. पंधरा-एक वर्षांनी त्या बदलायच्या असतात, याच्या त्याहून जुन्या झाल्या आहेत. एक तुटली तर काठी पडते. सगळ्या बदलायचा खर्च त्याने सांगितला तो मी इथे लिहीत नाही, माझ्या दोन वर्षांच्या पगाराशी त्याची तुलना केली एवढेच सांगतो.

प्रालँला 'व्हाले द मे' नावाचे रान आहे, १९८३ पासून जागतिक वारसा. तिकीट खिशाला झोंबले, पण आत गेलो आणि विसरलो. माडासारखीच झाडे, पण पाने एवढी की एका झापात आमच्या ओसरीचे छप्पर झाकावे. आत भर दुपारी संध्याकाळ. आणि वर लटकणारे ते जोडनारळ. जगातले सर्वांत जड बी, पंचवीस किलोपर्यंत भरणारे, पिकायला सहा-सात वर्षे लागणारे. नर झाड वेगळे, मादी वेगळी. आपोआप वाढते ते फक्त प्रालँ आणि शेजारच्या क्युरिअस या दोन बेटांवर.

आपल्याकडे यालाच दर्याई नारळ किंवा जहरी नारळ म्हणतात. साधू-फकिरांच्या हातातला काळा, गुळगुळीत कमंडलू आठवा, तो पुष्कळदा याच्याच कवटीचा असतो. ताजा नारळ पाण्यात बुडतो. आतून कुजून पोकळ झालेला तेवढा तरंगतो आणि वाहत मालदीवच्या किंवा आपल्या किनाऱ्याला लागतो, म्हणून तो कुठेच रुजला नाही. शतकानुशतके लोकांना फळ दिसत होते, झाड कोणाला दिसले नव्हते. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचे नाव होते तो गार्सिया द ओर्ता, १५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य. त्याने आपल्या औषधींवरच्या ग्रंथात या नारळाची चर्चा केली आहे, विषावरचा उतारा म्हणून. १५६३ मध्ये तो ग्रंथ गोव्यातच छापला गेला. मालदीव ही पूर्वी सलग जमीन होती, ती बुडाली, आणि बुडालेल्या माडांचे हे नारळ, अशी लोकांची समजूत त्याने नोंदवली. झाड सापडले ते दोनशे वर्षांनी, १७६८ साली फ्रेंचांना. ओर्ताचे मूळ ज्यू. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. दुपारचा डबा मी कैक वर्षे त्याच बागेत खात आलो. त्या झाडाखाली उभा असताना वाटले, ज्याला आपली भूमी थडग्यातही लाभली नाही त्याने आपल्या भूमीवरच्या पाल्यामुळ्यांची केवढी काळजी घेतली.

त्या रात्री आम्ही क्युरिअसच्या आडोशाला नांगर टाकला. इथे एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोग्यांना आणून ठेवत, १९६५ पर्यंत. आता राखीव बेट आहे आणि वाळूवर बैलाएवढी कासवे चरतात. जेवण झाले. सोलांची कढी माझ्या पिशवीतल्या सोलांची. आकाश असे की काही बोलू नये. कप्तान दक्षिणेकडचा चौकोनी तारकासमूह दाखवू लागला. मी सवयीने उत्तरेकडे ध्रुव शोधत होतो. वहिनी म्हणाल्या, "तो नाही दिसायचा भावजी. तो क्षितिजाच्या खाली राहिला." लग्नात जो बोट करून दाखवतात तोच तिथे नाही.

आणि मग मी पाकीट काढले.

तेही सांगतो. कप्तानाचे गावातले घर सामाईक आहे. त्याचे दोन चुलतभाऊ मुंबईत आणि बंगळुरूत. घराला बाहेरचे गिऱ्हाईक आले आहे, भाव कोणीही विचारात पडावा असा. भावांनी कागद तयार करून माझ्याकडे दिले. कप्तानाने विक्टोरियात भारतीय उच्चायोगात जाऊन मुखत्यारपत्रावर सही करायची, की बाकीचे ते बघतील. भावांचे म्हणणे तसे सरळ होते. तुम्हा दोघांना मूलबाळ नाही, राहता होडीवर, मग घर कोणासाठी? मला हे काम आवडले नव्हते, पण टपाल पोचवणे हा माझा धर्म आहे.

कप्तानाने कागद टॉर्चच्या उजेडात वाचले. त्याने तारांचा हिशेब मनात मांडला हे मला दिसले. "सही करतो," तो म्हणाला. "चांगलेच झाले."

"माझीही लागते ना?" वहिनींनी मला विचारले.

लागते. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. वडिलोपार्जित घर असले तरी नवऱ्याला एकट्याच्या सहीने ते विकता येत नाही. रोज पाच जणांना खिडकीतून सांगतो तेच मी त्यांना सांगितले.

"मग मी करत नाही," त्या म्हणाल्या.

कप्तान समजुतीने बोलू लागला. तारा, इंजिन, पुढची वर्षे. हे सगळे त्या माझ्यापेक्षा चांगले जाणत होत्या, होडीचा जमाखर्च त्याच लिहितात. त्याचे बोलणे संपू दिले आणि मग म्हणाल्या, "तू वर्षातले आठ महिने जहाजावर असायचास. त्या घरात मी होते. कौले दर मेमध्ये मी शाकारून घेतली. तुझ्या आईचे शेवटची चार वर्षे सगळे मी केले, ती त्याच माजघरात गेली, तू तेव्हा ब्राझीलला होतास. मूल नाही म्हणून गावात जे ऐकायचे ते मी त्याच ओसरीवर ऐकले. तुझे ते घर जन्माने आहे, माझे राहून आहे. इथे मी आनंदाने आले, परत चल म्हणून तुला कधी म्हणणार नाही. पण ते विकू देणार नाही."

आवाज चढला नव्हता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मी खाली जाऊन झोपावे की बसून राहावे हे कळेना. तेवढ्यात वारा फिरला, होडी नांगराभोवती हळूहळू वळली आणि कप्तान साखळी बघायला पुढे गेला. ते वीस फूट त्याला उपयोगी पडले. परत आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, "मग तारांचे काय?" वहिनी म्हणाल्या, "तू एक खेप जहाजावर जा. सहा महिने. होडी मी सांभाळते. घर सांभाळले तशी."

असेच ठरले. यात कोणाचे बरोबर, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने पुन्हा इंजिनरूमच्या उकाड्यात उतरायचे, आणि एकट्या बाईने परक्या बंदरात होडी राखायची, ही किंमत लहान नाही. भावांनाही त्यांची गरज असेल. पण कायद्याच्या ज्या कलमाला आम्ही खिडकीवर बसलेले लोक 'आणखी एक सही' म्हणून कंटाळतो, त्याचा अर्थ काय असतो ते मला त्या रात्री दिसले. पोर्तुगीज गेले, त्यांचे बरेवाईट पुष्कळ गेले, पण ही एक सही राहिली ते बरे झाले.

निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी नकाशांच्या टेबलाचा खण उघडला. होकायंत्र, पेन्सिली, पासपोर्ट, आणि फडक्यात गुंडाळलेली एक मोठी लोखंडी चावी. फुकेत, श्रीलंका, मालदीव असा सगळा दर्या ती त्यांच्याबरोबर फिरली होती. "पावसाआधी एकदा उघडा भावजी. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. वाळवी बघा. आणि तुळशीला पाणी."

पाकीट मी जसेच्या तसे परत आणले. भाऊ रागावले आहेत, माझ्यावरही थोडे. कप्तान जूनमध्ये जहाजावर चढला. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी आणि सौ. त्या घरी गेलो. कुलपाला तेल घालावे लागले. आतला कोंदट वास जायला दुपार झाली. माजघराच्या कोपऱ्यात वाळवीची एक रेघ होती, ती खरवडून औषध मारले. पाच-सहा कौले फुटली आहेत, गवंडी सांगून ठेवला. तुळस सुकली होती, सौ.ने आमच्या अंगणातले रोप नेले होते ते लावले. फोटो वहिनींना पाठवले. त्यांचे उत्तर दोन दिवसांनी आले: पागोळ्यांच्या बाजूची कौले आधी बदलायला सांगा, पाणी तिथूनच आत येते.

गवंडी म्हणाला, बाई बरोबर सांगते.